शेवटच्या गाण्याला नकार

बावीस वर्षं घसा फाडून ओरडल्यावर गॅरेट हॅव्हर्टी स्टुडिओत पहिल्यांदाच हळू आवाजात गायला. स्टुडिओ म्हणजे आर्लिंग्टनमधल्या एका घराचं तळघर. 'कोल्ड पोर्च' हा त्यांचा पंक बँड या अल्बमनंतर मोडायचा, हे चौघांनी भांडणतंटा न करता ठरवलं होतं. ड्रमवरची योलांडा तर चक्क डोळे पुसत होती, आणि ही बाई तिचा कुत्रा गेला तेव्हाही रडली नव्हती.

"गधड्या, हे इतकी वर्षं कुठे लपवलं होतंस?" ती म्हणाली. "हेच शेवटी ठेवायचं. याच्यानंतर दुसरं काही वाजवायची सोयच नाही."

गाणं गॅरेटच्या बहिणीवर होतं. त्यांच्या श्रोत्यांना ती चांगली ठाऊक होती. बाप दारू पिऊन घर डोक्यावर घ्यायचा. त्या घरातून लॉर्ना एका सकाळी निघून गेली, धाकट्या भावाला मागे ठेवून. एकविसाव्या वर्षी गॅरेटने त्यावर 'मागचं दार' लिहिलं आणि त्याच गाण्याने बँडचं नाव झालं. चर्चच्या तळघरांतल्या कार्यक्रमांना जमलेली पोरं मुठी उगारून "तू गेलीस! तू गेलीस!" असा कोरस धरायची. आता त्रेचाळिसाव्या वर्षी त्याच बहिणीला त्याने माफ केलं होतं, तेही सुरात. स्वारी स्वतःवर खूश होती. खूश व्हावं असं ते गाणं होतंही.

"तिला ऐकवलंस?" योलांडाने विचारलं.

"रविवारी ऐकवतो. रडेल बघ."

लॉर्ना बाल्टिमोरला राहायची. रविवारी तिने टेबलावर वर्तमानपत्रं पसरून वाफवलेले खेकडे ओतले होते. दोघांचे हात मसाल्याने बरबटलेले, म्हणून गॅरेटने फोन कोपराने पुढे सरकवला आणि नाकाने बटण दाबून गाणं लावलं. लॉर्ना लाकडी हातोडीने नांगी फोडत ऐकत होती. गाणं संपलं तरी फोडतच राहिली.

"आवाज छान लागलाय," ती म्हणाली. "खा, गार होतायत."

"आणि शब्द?"

"शब्दांत तू मला माफ केलंयस."

"हो."

"मी मागितली होती का रे माफी?"

गॅरेटच्या हातातला खेकडा तसाच राहिला.

"'मागचं दार' ऐकायला मी आले होते एकदा. मागे भिंतीला टेकून उभी होते. अख्खा हॉल माझ्या नावाने बोंबलत होता. त्यातल्याच एका पोराने मला पाणी आणून दिलं. म्हणाला, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"मला कधी बोलली नाहीस."

"तू विचारलंस कधी? त्या दिवशी कुठे गेले, काय खाल्लं, कुणाकडे झोपले? मी गेले, हे सगळ्या जगाला ओरडून सांगितलंस. आता सगळ्या जगाला सांगणार, माझं मन केवढं मोठं! मला विचारायला मात्र तोंड उघडलं नाही तुझं."

"मी बारा वर्षांचा होतो, लॉर्ना."

"आणि मी सतरा. ते तुझ्या एकाही गाण्यात नाही."

गॅरेटला राग आला. खरं तर लाज वाटली होती, पण आधी वर आला तो राग. "मग काढून टाकू का गाणं?"

"ते माझ्या गळ्यात नको मारूस. गाणं तुझं, तू बघ."

बँडचा पहिल्या दिवसापासूनचा नियम होता: चौघांतल्या एकाने नको म्हटलं की गाणं बाद, आणि कारण विचारायचं नाही. आजवर प्रत्येकाने दुसऱ्याच्याच गाण्याला नकार दिला होता. सोमवारी गॅरेटने तो स्वतःच्या गाण्याला दिला.

योलांडा उसळली. "डोकं फिरलंय का तुझं? आपल्यामागे लोक ऐकतील असं एवढं एकच गाणं आहे!"

"माहीत आहे."

"कारण तरी सांग!"

"विचारायचं नाही ना."

तिने ड्रमच्या काड्या आपटल्या, शेलक्या शिव्या हासडल्या, अंगणात जाऊन आली आणि मुकाट्याने दुसरं गाणं शेवटी लावायला घेतलं. अल्बम निघाला. समीक्षकांनी त्याला समंजस म्हटलं, फक्त शेवट जरा कच्चा राहिलाय म्हणाले. तो राहिलाच होता.

बहिणीकडे जायला मात्र त्याला दोन महिने लागले. गाणं मारायला लागली नव्हती एवढी हिंमत विचारायला लागली. ती स्वयंपाकघरात मक्याची कणसं सोलत होती.

"ऐकला अल्बम," ती म्हणाली. "ते गाणं नाही त्यात."

"नाही." तो समोर बसला. "लॉर्ना, त्या दिवशी तू कुठे गेलीस गं?"

तिने हातातलं कणीस खाली ठेवलं. "लांबलचक आहे ते."

"असू दे."

"आधी पिट्सबर्गची बस धरली," ती सावकाश सांगू लागली. "थंडी मरणाची. निघताना घाईत खुंटीवरचा तुझा स्वेटर ओढला होता, माझा समजून. बाह्या कोपराखाली येईनात. सगळी वाट त्या खाली ओढत बसले."

गॅरेटच्या डोक्यात ओळ जुळायला लागली. चालसुद्धा. बोटांनी मांडीवर ताल धरला, जन्माची खोडच ती. ओळ फार चांगली होती. त्याने बोटं मुठीत आवळली आणि ती ओळ जाऊ दिली.

"मग?" तो म्हणाला.