हातावरचं दही

"आबा, आतड्यांत वायू फार भरलाय. पित्ताशयात खडे दिसतात, पण मागचं स्वादुपिंड काही दिसत नाही," सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत डॉक्टर शगुफ्ता म्हणाल्या. "सकाळपासून यांनी काही खाल्लंय का?"

टेबलावर कण्हत पडलेल्या विजयमालाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. मानसिंगरावांनी मान खाली घातली.

"दही," ते म्हणाले. "मीच दिलं. हातावर."

मानसिंगराव भवानीनगरच्या कारखान्यात साखरेचा पाक शिजवायचे. पाळी कुठलीही असो, निघताना विजयमालाबाई उंबऱ्यापाशी त्यांच्या तळहातावर दही-साखर ठेवत. भांडण झालेलं असलं तरी. एकदा अबोल्यात तोंड फिरवून ठेवायला गेल्या, तर दही मनगटावर पडलं आणि अबोला तिथंच संपला. मानसिंगराव दही चाटून हात कपड्याला पुसत आणि बोलणी खात. काय दिवस होते ते! निवृत्ती आली आणि बाहेर पडायचं कारणच उरलं नाही, तसा रिवाजही आपसूक थांबला.

आज पहाटे बाईंच्या पोटात कळ उठली आणि थेट पाठीत गेली. गावच्या डॉक्टरांनी उपाशीपोटीच बारामतीला न्या म्हणून बजावलं होतं. गाडी दारात आली, बाई कशाबशा उंबऱ्याशी पोचल्या, आणि मानसिंगरावांचे पाय स्वयंपाकघराकडे वळले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी बायकोच्या हातावर दही ठेवलं. मळमळत असूनही तिनं ते चाटलं. नाही कशी म्हणणार?

"माज्यामुळं दिसंना व्हय?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी समजावलं, की चमचाभर दह्याचा यात काही दोष नाही. स्वादुपिंड जठरामागं दडलेलं असतं. त्याला सूज आली की आतडी मंदावतात, वायू साठतो, आणि सोनोग्राफीला वायूपलीकडचं दिसत नाही. खडे तिनं दाखवले, तिचं काम झालं. सूज किती, आतला काही भाग मेला तर नाही ना, हे सीटी स्कॅन सांगेल.

डोक्याला पटलं, मनाला नाही. सीटीच्या खोलीबाहेर मानसिंगराव बसून राहिले. बोटांना अजून दह्याचा वास होता. नळ समोरच होता, पण हात धुवावासा वाटेना. ही गेली तर आपल्याला घरातून निघताना कोण थांबवणार?

सीटीत सूज दिसली. मेलेलं मात्र काही नव्हतं. धोका बराचसा टळला, पण चार दिवस राहावं लागेल आणि डॉक्टर सांगेपर्यंत तोंडानं पाणीसुद्धा नाही, असं ठरलं.

संध्याकाळी मानसिंगराव कपडे आणायला निघाले. "येतो गं," म्हणून वळले.

"थांबा. हात करा हिकडं."

त्यांनी हात पुढं केला. सलाइन नसलेल्या हाताची रिकामी बोटं विजयमालाबाईंनी त्यांच्या तळहातावर टेकवली.

मानसिंगरावांनी सगळ्या वॉर्डादेखत तळहात तोंडाला लावला. मग सवयीनं लेंग्याला पुसला.

"कपड्याला नगा पुसू," बाई डोळे मिटून म्हणाल्या.