हो आणि पाहू

खटका बोटाला कळला, कानाला कळला नाही... कॅमेऱ्याच्या डोक्यावरचं ते शेंगदाण्याएवढं बटण खाली गेलं, परत वर आलं, म्हणजे फोटो निघाला असणार, असं पुंडलिकनं धरून चालायचं ठरवलं. मायदेशी परतणाऱ्या एका रशियन साहेबानं हा कॅमेरा त्याला विकताना बटण दाबून दाखवलं होतं, तेव्हा कसा 'कट्' असा गोड आवाज आला होता! त्यानंतर भिलाईची भट्टी उभी राहिली, पुंडलिकच्या टोळीनं तिला दिवसचे दिवस रिव्हेट ठोकले, आणि त्या ठोकाठोकीत त्याचे कान कधी रजेवर गेले ते त्याचं त्यालाच समजलं नाही. अर्जसुद्धा न देता गेले.

नंदिनीच्या खाणींपलीकडचा हा तलाव जंगलखात्यानं शिकार बंद करून राखलेला. थंडी पडली की उत्तरेकडची पाखरं उतरायची, आणि रविवार आला की पुंडलिक सायकल काढून त्यांच्या मागे. एकटाच. पाखरांचं एक बरं असतं, ती काही विचारत नाहीत. पण आज त्याची बायको वच्छला म्हणाली, "मी बी येते, पाहू तरी द्या कोन्ती पाखरं हायेत ते," आणि सरळ कॅरिअरवर बसलीच.

घरी त्याचं निभायचं. घरी तोंड दिसतं. वच्छला शेगडीपाशी बोलायची, हा तिचे ओठ पाहायचा, भुवया पाहायचा, आणि तरी मेळ नाही लागला तर दोन उत्तरं कायम तयार — 'हो' आणि 'पाहू'. एवढ्यावर संसार बिनघोर चालतो हा शोध त्याला लागला होता. शेजारचे चांगल्या कानांचे नवरेही याच दोन शब्दांवर दिवस काढतात हेही ध्यानात आलं होतं. पण इथं लपायला झुडूप एकच, तेही अरुंद. हा पुढे कॅमेरा रोखून, ती मागे त्याच्या पाठीला टेकून. आणि बाई कुजबुजत होती! मानेवर ऊन फुंकर आली की वाक्य सुरू झालं, फुंकर थांबली की संपलं... आता उत्तर द्या.

"हो," पुंडलिक म्हणाला.

पुन्हा फुंकर. जरा लांबलचक.

"पाहू."

मग सांगून का टाकत नाही? सांगितल्यावर काय होतं ते त्यानं स्वतःच्या लग्नात पाहिलं होतं. वच्छलाचे मामा, मारोतराव, ठार बहिरे. भर मांडवात वच्छला मुंडावळ्या बाजूला सारून त्यांच्या कानाशी ओरडली होती, "मामा, जेवले काजी?" आणि मामांनी गहिवरून तिच्या डोक्यावर हात ठेवला, अखंड सौभाग्यवती भव! सगळा मांडव हसला. पुंडलिकही हसला. मग काय झालं ते न कळता मामाही हसले, बिचारे... मारोतरावांशी कुणी बोलत नसे. सगळे ओरडत. प्रेमानं, पण ओरडतच. वच्छलानं आपल्याशी रागानं बोलावं, लाडानं बोलावं, पण बोलावं, एवढ्यासाठी त्याचा हा सगळा आटापिटा चालला होता.

तेवढ्यात चक्रवाकांची जोडी पोहत पोहत अगदी काठाशी आली. केशरी, गुबगुबीत. एकानं मान ताणून चोच उघडली, मिटली, उघडली. दुसऱ्यानं वळून चोच उघडली. पुंडलिकनं कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला. पाखरं लांब असतात म्हणून ऐकू येत नाहीत, अशी त्यानं आजवर स्वतःची समजूत घातली होती. आणि ही तर इथं, हाकेच्या अंतरावर, घसा फोडून एकमेकांना साद घालत होती, आणि त्याच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचत नव्हतं.

मानेवर फुंकर आली. नेमकी आत्ता!

"हळू बोल, उडतीन ना ते!" तो कुजबुजला... म्हणजे आपण कुजबुजलो असं त्याला वाटलं. कुजबुज होती रिव्हेटवाल्याची. अख्खा तलाव फडफडून उठला. चक्रवाक गेले, बदकं गेली, पलीकडच्या काठावर पाणी पिणारं एक रेडकूसुद्धा शेपूट वर करून पळालं.

पुंडलिक वळला. वच्छला तोंडात पदर कोंबून हसत होती, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत. मग हसू ओसरलं. ती त्याच्याकडे पाहत राहिली, उठली, आणि वळसा घालून त्याच्या समोर येऊन बसली, तलावाकडे पाठ करून.

"काय आयकलं तुमी?" हे ओठांवर स्वच्छ दिसलं.

"सगळंच आयकलं."

"मी म्हटलं, मायले इकडं बोलावू का? तुमी म्हणले, हो. मंग म्हटलं, कायमची रायली तं चालन का? तुमी म्हणले, पाहू."

सासू! नुसतं नाव निघालं तरी पुंडलिकला हुडहुडी भरायची.

"आन आखरीले मी काईच नाई बोलली," वच्छला म्हणाली. "नुसती फुंकर मारली. तं तुमी म्हणले, हळू बोल."

संपलं. आता ती छातीभर श्वास घेणार, कानाशी तोंड आणणार, आणि इथून पुढे आपण मारोतरावमामा... त्यानं डोळे गच्च मिटून घेतले आणि वाट पाहिली.

काहीच आलं नाही. डोळे उघडले तेव्हा वच्छलाचे ओठ नुकतेच मिटत होते. तिचं काहीतरी बोलून झालं होतं. ओरडली असती तर ऐकू आलं असतं. म्हणजे साध्या आवाजातच बोलली होती, नेहमीसारखी, आणि आता उत्तरासाठी थांबली होती. तिच्या चेहऱ्यावरून राग की माया ते ठरत नव्हतं. पुंडलिकला लाज वाटली, भीती तर होतीच... पण कितीतरी दिवसांनी त्याला, हिला नेमकं काय म्हणायचंय ते खरोखरच जाणून घ्यावंसं वाटलं.

"पुन्हा सांग," तो म्हणाला. "मले आयकू नाई आलं."