आरशातला दिवा

"सनरूफ कशाला? आयुष्यभर छपराकडे बघत पडलेलीच माणसं नेली मी," अलगदकाका म्हणाले, आणि शोरूममधल्या सेल्समनला हसावे की गप्प बसावे ते कळेना.

एकतीस वर्षे त्यांनी रुग्णालयाची अँब्युलन्स चालवली होती. ब्रेक असा दाबायचे की मागे टांगलेली सलाइनची बाटली हलायची नाही, म्हणून नर्सेसनी ठेवलेले हे नाव. पेशंट झाल्याशिवाय ह्यांच्या गाडीत बसायला मिळत नाही, हा बायकोचा जुना टोमणा. तो खोटा पाडायला निवृत्तीनंतर ही पहिली स्वतःची गाडी.

सेल्समनने दोन पॅकेजेस पुढे ठेवली. पहिल्यात सनरूफ, चामड्याच्या सीटा आणि दारांत लागणारे रंगीत दिवे. ते काकांनी एका वाक्यात निकालात काढलेच होते. दुसरे सुरक्षेचे: बाजूने कुणी आले की आरशात दिवा लागतो, गाडी रस्त्यावरची लेन सोडू लागली की आवाज होतो, आणखी चार गोष्टी. त्यातले सुटे काही मिळत नव्हते, घ्यायचे तर सगळे गाठोडे. बायकोसोबत शोरूममध्ये आलेल्या लेकीला हेच हवे होते. आठवडाभर तिने त्यासाठी डोके खाल्ले होते आणि काकांनी अजिबात दाद दिली नव्हती. आपल्याला आता आरशातला दिवा शिकवणार, हे त्यांना भलतेच झोंबले होते.

खरी गोष्ट मात्र त्यांच्या एकट्याच्या पोटात होती. दोन महिन्यांपासून नजरेची उजवी कड अंधुक झाली होती, पडदा ओढल्यासारखी. डॉक्टरकडे ते गेले नव्हते, कारण डॉक्टर काय सांगणार ते त्यांना ठाऊक होते.

आता सेल्समनचे ऐकता ऐकता त्यांच्या मनात आले, हा दिवा असला तर कुणाला पत्ताही लागायचा नाही. आपल्याला दिसत नाही ते आरसा सांगेल. माणूस स्वतःलाच फसवायला बसला की कारणे कशी भराभर सुचतात! "पोरीची एवढी इच्छा आहे तर घेऊन टाकू," असे त्यांनी मोठ्या मनाने जाहीर केले आणि लेक हरखून गेली.

सही करण्याआधी ते पॅकेज असलेली गाडी एक चक्कर फिरवून बघायचे ठरले. लेक शेजारी बसली, बायको आणि सेल्समन मागे. एका वळणावर उजवीकडून एक सायकलवाली पुढे सरकली. काकांना ती दिसली तेव्हा गाडीच्या नाकापाशी होती. पाय आपसूक ब्रेकवर गेला, गाडी अलगद थांबली, मुलगी निघून गेली. मागे बायकोचे बोलणेही तुटले नाही.

"बघितलंत ना, बाबा?" लेक म्हणाली. "ती मागे होती तेव्हापासून आरशात दिवा लागला होता. म्हणून वेळेवर थांबता आलं."

काकांनी पूर्ण मान वळवून उजव्या आरशाकडे पाहिले. दिवा होता आरशाच्या बाहेरच्या कडेला, जिथे त्यांना दिसत नव्हते नेमका तिथे.

नुसते हो म्हटले असते तरी प्रकरण मिटले असते. पण काकांनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केले.

"मला दिवा दिसला नाही," ते म्हणाले. "ती मुलगीही पुढे येईपर्यंत दिसली नाही. उजवीकडचं दिसत नाही मला. दोन महिने झाले."

बायकोने मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. एकतीस वर्षांत त्यांनी पुष्कळ धीराची कामे केली होती, पण एवढे धीराचे एकही नव्हते.

लेक म्हणाली, "मग आता पॅकेज नको ना?"

"का नको? तुला दिसतो ना दिवा? मग घ्यायचं. गाडी तू चालवणार."

लायसन्स तिच्याकडे सहा वर्षे होते, स्टिअरिंग बाबांनी कधी हाती दिले नव्हते. ती त्यांच्या जागी आली, सीट पुढे ओढून बसली. काका बाहेर आरशापाशी उभे राहिले. आरशाला आत बटण आहे, असे सेल्समन म्हणाला, ते त्यांनी ऐकले न ऐकलेसे केले. बोटांनी आरसा केसभर वळवत ते लेकीच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"आता?"

"थोडा बाहेर."

"आता?"

"दिसतंय, बाबा. सगळं दिसतंय."

काकांनी रुमालाने आरसा पुसला आणि गाडीला वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसले.