काठी ओढायची राहिली

पाऊस जाऊन बरेच दिवस झाले, तरी आईच्या खोलीतलं घमेलं भरतच होतं.

लेकीने आधी मिस्त्रीच्या कामाला नावं ठेवली. तिनेच त्याला बोलावलं होतं. मोठा बोलका माणूस. छपरांच्या धंद्यात तिच्या बाबांना सगळे बोका म्हणत, जन्मात कधी पाय घसरला नाही म्हणून. "बोक्याचं घर गळतंय हे बाहेर बोलू नका, ताई," मिस्त्री म्हणाला होता, "आमच्या धंद्याची अब्रू जाईल."

गळती शोधायची रीत साधी. एकाने वर चढून पाइपने कौलांच्या एकेका ओळीवर पाणी सोडायचं, दुसऱ्याने आत उभं राहून बघायचं. थेंब पडला की तिथल्या लाकडी छताला काठीचा ठोका. काम झालं की काठी छतावरून लांबवर ओढायची. ती खरखर म्हणजे, आता खाली या. बाबांसाठी ही काठी जन्मभर आईने धरली. ती ओढल्याशिवाय बाबा उतरत नसत, मग जेवण निवो की अंधार पडो.

शेवटच्या दिवशीही ते असेच वर होते. छातीत कळ आली आणि आडवे झाले. शेजाऱ्यांनी दोर बांधून उतरवलं तेव्हा शुद्ध नव्हती, दवाखान्यातही ती आली नाही. काठी आईच्या हातातच राहिली होती.

मिस्त्रीने फुटकी कौलं बदलली, पाणी सोडून दाखवलं आणि आपली शिडी खांद्यावर टाकून गेला. छत कोरडं ठणठणीत. दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं आणि भर दुपारी थेंब सुरू झाले, खिडकीकडून पलंगाकडे सरकत, कुणी एकेक ओळ भिजवत यावं तसे.

खोलीला ओल धरली. आईचा खोकला पाठ सोडीना. तिला या खोलीत झोपू देऊ नका, डॉक्टरांनी बजावलं होतं, पण ती हलायला तयार नव्हती. थेंब पडला की उठून ठोका द्यायची. थेंब थांबायचा आणि थोड्या वेळाने पलीकडे पडायचा. आईचं डोकं फिरलं असं लेकीला वाटलं. मग एकदा तिने स्वतः ठोका दिला. वरून कौलावर बोटांनी टकटक झाली. बाबा 'कळलं' म्हणायचे ते असंच.

"आई, वर कोण आहे ते तुला माहीत आहे?"

"न माहीत असायला काय झालं? इतकी वर्षं संसार केलाय."

"मग काठी ओढ ना."

आईने घमेलं मोरीत रिकामं करून पुन्हा जागेवर ठेवलं. ओढली की ते उतरतील, म्हणाली. उतरले की जातील. वर आहेत तोवर आहेत तरी. आणि खोकल्याचं काय कौतुक, तो तरुणपणीही होता.

लेकीने समजावलं, रागावून पाहिलं, रडूनही पाहिलं. आई ढिम्म. शेवटी लेक खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बाहेर अंगण उन्हाने पांढरं पडलं होतं.

"त्यांची टोपी इथे खुंटीवर आहे," ती म्हणाली. "उघड्या डोक्याने उन्हात उभे आहेत गं ते."

आई खुंटीकडे बघत राहिली. खोकल्याची एक उबळ येऊन गेली. मग तिने दोन्ही हातांनी काठी वर केली आणि छताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये कुठेही न थांबता, ओढत नेली.

थेंब थांबले. वर कौलांची कुरकुर हळूहळू कडेकडे सरकत गेली आणि पन्हळीपाशी थांबली. दोघी कान देऊन उभ्या राहिल्या. पुढे काहीच होईना.

"अगं, उतरतील कशावरून?" आई म्हणाली. "मिस्त्री त्याची शिडी घेऊन गेला. जा, यांची लाव. आणि खालून नीट धर. घाई करू नकोस, गुडघा दुखतो त्यांचा."

लेकीने घरामागून बाबांची शिडी ओढत आणली, पन्हळीशेजारी टेकवली आणि पाय रोवून उभी राहिली. वर बघायचं धाडस झालं नाही. ती आपल्या हातांकडेच बघत होती. सर्वांत वरची पायरी करकरली आणि तिच्या तळहातांत वजन उतरलं, उजव्या बाजूला जरा जास्त.

"सावकाश, बाबा," ती म्हणाली.