तपासणीपुरती खिडकी

मित्रांनो, मी एका तुरुंगाची जुनी खिडकी आहे. माझे गज गंजलेत, झडपा खिळखिळ्या झाल्यात. वयाचं काही वाटत नाही. मला फसवलं, ते मात्र अजून सलतं.

माझं सागवान डोईफोडियाच्या रानातलं. नवं राज्य झालं, नागपूरचा कारभार भोपाळला गेला, तेव्हा सगळ्या तुरुंगांना एकच नियम लागला. प्रत्येक बराकीत उजेड हवा, वारा हवा, नाहीतर तुरुंग तपासणीत नापास. म्हणून बुऱ्हाणपुरातल्या आमच्या तुरुंगाची भिंत घाईघाईने फोडली आणि मला बसवलं. बसवलं बहादरपूरच्या भिकनने. केळीच्या बागेत बांधावरून मारामारी झाली, त्यात त्याला सजा लागली होती.

माझ्याखालून राजघाटाची पायवाट जाते. भिकनची माय धुरपदाबाई रोज सकाळी तिथे थांबून हात वर करायची. भिकन गजांतून गमछा हलवायचा. मग ती हसत नदीवर जायची. काय मिरवायचे मी तेव्हा!

तपासणीआधी जेलरसाहेब म्हणाले, "भिकन, तपासणीच्या साहेबांना चांगलं सांग. ही खिडकी आता कायमची."

तपासणीचे साहेब आले, तेव्हा भिकनने मनापासून सांगितलं, "हवा तर मिळतेच साहेब, पण माय दिसते ना रोज."

साहेब खूश. तुरुंग पास झाला, दारावर पाटी लागली, पेढे वाटले. दुसऱ्याच दिवशी कौतिक शिपाई विटा घेऊन भिकनपुढे हजर.

"आतून बुजव. नदी दिसली की कैद्यांना पळायचं सुचतं. बाहेरून मात्र खिडकी दिसली पाहिजे."

"अन कायमची म्हणले होते, त्याचं काय?"

"पास होण्यापुरतं होतं रे ते."

ज्या हातांनी मला बसवलं, त्याच हातांनी भिकनने माझ्या पाठीशी विटा रचल्या. त्याच्यावर माझा राग नाही.

भिंत जाड, गजांमागे अंधार, त्यामुळे खालून त्या विटा दिसत नसत. धुरपदाबाई यायची, हात वर करून उभी राहायची. एकदा सोबतच्या मथुराबाईला म्हणाली, "पोरगं रुसलं माझ्यावर. खिडकी उघडी हाये, पण बघत नाही."

पुढे ती येईनाशी झाली. भेटीच्या दिवशीही आली नाही. विटांमागून भिकनचा आवाज यायचा, "कौतिकदादा, माय आली का?"

मित्रांनो, पाहुण्यांना दाखवायला खिडकी उघडू नका. उघडलीत, तर बुजवू नका. आणि बुजवायचीच असेल, तर बाहेरूनही बुजवा. खाली कुणाची तरी माय हात वर करून उभी असते.