वेगवान हवा

गवंड्याने लॅपटॉप मिटला, एका हाताने उचलून मनगटावर तोलला आणि पुन्हा काउंटरवर ठेवला.

“हाही जडच. याहून हलका दाखवा.”

“हलके आहेत काका,” दुकानवाली म्हणाली, “पण ताईंचं काम त्यांच्यावर रडतखडत चालेल. ताकद हवी तर हे गेमिंगवालेच घ्यावे लागतात. आणि ते अडीच किलोच्या खाली येत नाहीत फारसे.”

सकाळपासूनचं हे तिसरं दुकान. तिन्हीकडे एकच पालुपद. गवंडी आता अगदी मेटाकुटीला आला होता. जन्मभर त्याने विटा-सिमेंटशी व्यवहार केला होता. या यंत्रांतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. कळत होतं ते फक्त वजन. आणि लेकीचे हात दिवसेंदिवस दुबळे होत चालले होते, हेही कळत होतं.

लेक शेजारी चाकाच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर शाल घेऊन. न बांधलेल्या इमारती ती कॉम्प्युटरवर उभ्या करायची; भिंती, जिने, खिडकीतून फरशीवर पडणारं ऊन, सगळं हुबेहूब. स्नायूंच्या आजाराने पाय गेले, तरी काम सुटलं नव्हतं. पण परवा तिला दवाखान्यात दाखल करायचं होतं, दहा दिवस. एका शाळेच्या इमारतीचं काम त्याच दहा दिवसांत पुरं करून द्यायचं होतं. घरचा डेस्कटॉप, त्याचा तो पेटीएवढा डबा, खाटेशेजारी न्यायला वॉर्डातल्या नर्सबाईंनी साफ नकार दिला होता. काम देणाऱ्या कंपनीनेही कळवलं होतं, या वेळी उशीर झाला तर काम दुसऱ्याला जाईल. ते कळल्यापासून लेक धड जेवली नव्हती.

“याला बाहेरून माऊस जोडता येईल ना?” लेकीने विचारलं.

“येईल की.”

“आणि पडदा मोठा हवा. शेजारी बसलेल्या माणसालाही नीट दिसायला हवा.”

“अगं, आधी वजनाचं बघ,” गवंडी वैतागून म्हणाला. “पोटावर ठेवून काम करणार ना तू? हा धोंडा पेलवणार आहे का तुला?”



“ताई, तुम्हीच चालवून बघा ना,” दुकानवालीने लॅपटॉप उघडून तिच्यापुढे सरकवला. सोबत आणलेली शाळेची फाइल तिने आधीच त्यात घातली होती. पडद्यावर एक लांब, उजेडाचा व्हरांडा उघडला. पंखा घरघरला आणि शांत झाला.

लेकीने शालीतून उजवा हात काढला. डाव्या हाताने तो उचलून तिने माऊसवर नेऊन ठेवला. बाण थरथरत थोडा सरकला आणि थांबला. तिची बोटं माऊसवर नुसती पडून होती. तिने ओठ घट्ट मिटले. तर्जनी जराशी वाकली, पण बटण काही दाबलं गेलं नाही.

दुकानवाली एकदम दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. तिथे कुणी गिऱ्हाईक नव्हतं.

“कधीपासून?” गवंड्याने विचारलं.

“पंधरा दिवस झाले.”

“पण तू तर रोज बसत होतीस. दार लावून.”

“बसत होते.” तिने मान खाली घातली. “एक भिंतसुद्धा झाली नाही बाबा.”

 दार लावून ती बसायची तेव्हा गवंडी बाहेर रेडिओ बारीक करायचा, आल्या-गेल्याला हळू बोला म्हणायचा.

“मग हे कशाला घ्यायचं?” तो म्हणाला. “दाखल व्हायचं तर नुसती हो. काम गेलं खड्ड्यात!”

“ते काम गेलं तर मी दिवसभर छताकडे बघत काय करू?”

गवंड्याने तिच्या मांडीवरून घसरलेली शाल सारखी केली.

“ताई,” लेकीने दुकानवालीला हाक मारली, “हा बाबांसमोर ठेवा.”

“माझ्यासमोर?”

“मी सांगेन तसं तुम्ही करायचं. जड असला तरी चालेल. वेगवान मात्र हवा. तुमच्या चुका होणार, खूप होणार. प्रत्येक चुकीपाशी यंत्र थांबून राहिलं तर दहा दिवस पुरायचे नाहीत.”

“अगं, मला साधा मोबाइल धड...”

“माऊस धरा बाबा.”

त्याने धरला. बाण पडद्याच्या कोपऱ्यात भेलकांडत गेला, मोठ्या मुश्किलीने मागे आला.

“ती डावीकडची भिंत. तिच्यावर या. एकदा दाबा.”

त्याने दाबलं. घाईघाईत आणखी कुठेतरी दाबलं गेलं. भिंत नाहीशी झाली. व्हरांडा एका बाजूने उघडा पडला.

“गेली!” त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. “गेली गं. माझ्या हातून...”

“गेली तर गेली. परत आणता येते. कंट्रोल दाबून ठेवा, खाली कोपऱ्यात आहे. आता झेड.”

झेड सापडायला त्याला वेळ लागला. एकेका अक्षरावर बोट ठेवत तो शोधत गेला. लेक थांबली. दुकानवालीही थांबली. मग त्याने दाबलं, आणि भिंत होती तिथे उभी राहिली.

गवंडी कितीतरी वेळ त्या भिंतीकडे बघत राहिला.

“काका, हाच बांधून देऊ का?” दुकानवालीने हळूच विचारलं.

त्याला ते ऐकूच गेलं नाही. स्टूल ओढून तो लेकीच्या खुर्चीला लागून बसला, माऊस त्याने पुन्हा मुठीत घेतला.

“हं,” तो म्हणाला. “पुढे सांग.”