पाला खाणारे मासे

तळोद्याचे कापडाचे व्यापारी इंदरमलजी यांना गेल्या दिवाळीनंतर अर्धांगाचा हलका झटका आला. पाय लवकर सावरले, पण उजवा हात ढिला पडला आणि जीभ जड झाली. बोलता येत होतं, फक्त शब्द उशिरा यायचे. त्यांनी "पं..." म्हटलं की मुलगा जिनेश उठून पंखा लावायचा, आणि त्यांना हवं असायचं पंचांग. बायको कंकुबाई तर त्यांचं वाक्य सुरू व्हायच्या आधीच संपवून टाकायच्या. चाळीस वर्षं दुकानात गिऱ्हाइकाला बोलू न देणारा तो माणूस. महिनाभरात त्यानं बोलणंच सोडून दिलं.

नंदुरबारला डॉक्टरांकडे नेलं तेव्हा तिथे माशांची काचपेटी होती. नंबर लागला तरी इंदरमलजी तिच्यासमोरून उठेनात. सून फाल्गुनीनं ते पाहिलं आणि घरी येऊन मासे आणायची गोष्ट काढली.

"जिवांना कोंडून ठेवायचं?" कंकुबाई म्हणाल्या. "आपल्या घरात?"

तीन दिवस त्यांनी तो विषय काढू दिला नाही. चौथ्या दिवशी नवरा खिडकीबाहेरच्या रिकाम्या गल्लीकडे दोन तास बघत बसलेला त्यांनी पाहिला आणि फाल्गुनीला हाक मारली. "आण. पण माझ्या दोन अटी. पेटीतल्या कुणी कुणाला खायचं नाही. आणि त्यांना आपण मांसमच्छी घालायची नाही."

नंदुरबारच्या बाजारात अनीस आणि साबिरा या नवरा-बायकोचं माशांचं दुकान होतं. अनीस काचा कापून पेट्या जोडायचा, माशांचं सगळं साबिरा बघायची. तिनं आधी नुसती पेटी दिली. दहा दिवस पंपानं पाणी फिरू द्या, ते माशांजोगं झालं की मासे न्यायला या, असं बजावलं. ते दहा दिवस भरले होळीच्या दिवशी. फाल्गुनी सासू-सासऱ्यांना गाडीत घालून सकाळीच निघाली.

"तुमना घरनं पानी कसं शे?" साबिरानं पहिला प्रश्न विचारला.

"बोरचं," फाल्गुनी म्हणाली. "नळाच्या तोटीवर पांढरं साचतं."

"मंग हाई नको." साबिरानं निळ्या-लाल रेघांचे इवलेसे मासे बाजूला दाखवले. "यास्ले मऊ पानी लागस. चार दिन बी टिकाव नहीत."

कंकुबाईंचं लक्ष दाण्याच्या डब्यांकडे होतं. "यात काय असतं?"

साबिरानं त्यांच्याकडे पाहिलं, कपाळावरचं कुंकू पाहिलं, हातातली जपमाळ पाहिली. खोटं बोलणं सोपं होतं. "खरं सांगस काकी. वाळेल मासळीनं पीठ ऱ्हास त्यामा."

कंकुबाई डब्यापासून दोन पावलं मागे सरकल्या. फाल्गुनीला वाटलं, आता रिकाम्या हातानं परत जायचं.

इंदरमलजी मात्र कोपऱ्यातल्या एका पेटीसमोर उभे होते. त्यांनी बोट उचललं. "म... मला..."

"सोनेरी? सोनेरी पाहिजे त्यांना," कंकुबाई म्हणाल्या. "गोल्डफिश म्हणतात ना, ती."

"पप्पाजी, ती पंख्यासारख्या शेपटीवाली का?" फाल्गुनी म्हणाली.

इंदरमलजींचं बोट खाली आलं.

"शेठजीले बोलू द्या," साबिरा म्हणाली. तिनं स्टूल पुढे ओढलं, त्यांच्याजवळ बसली आणि हात मांडीवर ठेवून गप्प राहिली. कंकुबाईंनी तोंड उघडलं, तशी तिनं फक्त मान हलवली. "माले काही घाई नही."

बराच वेळ गेला. पंपाचे बुडबुडे वाजत होते.

"का... ळी," इंदरमलजी म्हणाले. मग श्वास घेतला. "नुस... ती... काळी."

सोनेरी, केशरी, ठिपकेदार मासे सोडून त्यांचं मन बसलं होतं मॉली नावाच्या कोळशासारख्या काळ्या माशांवर. साबिरा खुलली. "शेठजीले नजर शे! काकी, या तर पाला खातस. पेटीमधलं शेवाळ खातस. उकडेल पालक द्या, वाटाना सोलीसन द्या, नुसतं शेवाळनं पीठ बी भेटस. आनि तुमनं बोरनं पानी यास्ले झकास."

"मारामारी?"

"गरीब जात शे."

एक नर, तीन माद्या. कंकुबाईंनी होकार दिला.

परतीच्या रस्त्यावर काठी गावच्या होळीला निघालेल्या जीपगाड्यांची रांग लागली होती. टपावर माणसं, ढोल, मोरपिसांचे टोप. गाडी मुंगीच्या चालीनं चालली होती आणि ऊन काचेतून थेट माशांच्या पिशवीवर येत होतं. "तापतील की हो," असं म्हणत कंकुबाईंनी पिशवी मांडीवर घेतली, तिच्यावर पदर धरला आणि घर येईपर्यंत हात हलवला नाही.

पहिल्याच आठवड्यात घराला वळण लागलं. सकाळी कंकुबाई पालक उकडायच्या, इंदरमलजी चिमटीनं तो पाण्यात सोडायचे. संध्याकाळचं खाणं सूर्य मावळायच्या आत. "रात्रीचं आपण खात नाही, तर त्यांना कशाला?" असा कंकुबाईंचा हिशेब होता.

महिन्याभरानं एका दुपारी इंदरमलजींनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. "कं... कू!"

त्या धावत आल्या. पाण्यात काळे ठिपके पळत होते. पिल्लं! कंकुबाई हरखल्या. त्या बघत असतानाच सगळ्यात लठ्ठ मादी वळली आणि तिनं एक ठिपका गिळला.

"अगं बाई! आईच खातेय!" त्यांनी साबिराला फोन लावला. "तू म्हणालीस गरीब जात!"

"मन्ही चूक शे काकी," साबिरा लगेच म्हणाली. "पाला खातस हाई सांगं, पन पिल्लास्नं सांगानं ऱ्हाई गयं. जे हालस ते तिले खावानं वाटस. पिल्लं येगळा काढा, आत्ताच."

पेटीसोबत आलेल्या जाळीची भोकं पिल्लांसाठी मोठी होती. कंकुबाई पाण्याच्या मडक्याकडे गेल्या आणि गाळायचं कापड घेऊन आल्या. डोळ्यांना न दिसणारे जीव वाचावेत म्हणून त्यांनी आयुष्यभर पाणी गाळलं होतं. हे तर दिसत होते. "धरा हे टोक," त्या म्हणाल्या. "दोन्ही हातांनी."

इंदरमलजींचा उजवा हात कापत होता, पण कापड सुटलं नाही. अर्ध्या तासात तेवीस पिल्लं काचेच्या बरणीत आली.

त्यानंतर दोन दिवस कंकुबाई त्या मादीवर रागावून होत्या. इंदरमलजी तिला पालक टाकायला लागले की तोंड फिरवायच्या. तिसऱ्या दिवशी इंदरमलजी म्हणाले, "ति... ला..."

"तिला काय..." कंकुबाई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी पालकाची वाटी खाली ठेवली आणि समोर बसल्या.

"तिला... कळ... लं नाही, कंकू." घाम आला त्यांना. "रा... गावू... नको."

दिवाळीनंतरचं ते त्यांचं सगळ्यात मोठं बोलणं होतं. कंकुबाईंनी डोळे पुसले, आणि त्या मादीला अख्खा वाटाणा सोलून घातला.

पिल्लं वाढली तशी बरणी पुरेना. तोरणमाळच्या तळ्यात सोडून देऊ, असं जिनेश म्हणाला. साबिरानं त्याला फोनवरच झापलं. तळ्यातल्या माशांत हे परके सोडायचे नसतात. मग अनीसनं मोठी पेटी जोडून दिली. घरात जागा नव्हती, म्हणून ती दुकानात गादीशेजारी बसली. माशांना खायला घालायचं या निमित्तानं इंदरमलजी रोज सकाळी दुकानात जाऊ लागले. कापड फाडायला जिनेश होता. गिऱ्हाइकांशी बोलायला ते. बोलणं सावकाश चालायचं. गिऱ्हाइकं थांबायची.

मणिबेलीचा फुलसिंग हे त्यांचं जुनं गिऱ्हाईक. धरणाच्या पाण्यात जाळी टाकणारा माणूस. बाजाराला आला आणि पेटी पाहून वाकला.

"शेठ, हे कधी मोठे होणार?"

"एव... ढेच."

"एवढेच? मग ठेवलेत कशाला?"

जिनेश काहीतरी बोलणार होता, पण माशांचा पालक घेऊन आलेल्या कंकुबाईंनी त्याचा दंड धरला. इंदरमलजींनी बराच विचार केला.

"बघा... यला," ते म्हणाले.

फुलसिंगनं डोक्यावरचं फडकं काढलं, गादीच्या कडेला टेकला आणि बघत बसला.